पायगुडेबाईंचा चिखल

पायगुडेबाईंना हळू बोलता येत नसे. प्रयत्न त्या मनापासून करत. मान खाली घालून, ओठांचा चंबू करून त्या माझ्या कानाशी जे कुजबुजत, ते नदीच्या पलीकडच्या काठावर म्हैस धुणाऱ्या माणसाला ऐकू जाई आणि तो तिकडून "काय म्हणताय?" असं विचारी.

एरवी यात काही बिघडलं नसतं. बाईंची सगळी नोकरी मुलींच्या एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून झालेली. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीला "गुडघा वाकवू नकोस" असं सांगायला जो आवाज लागतो, तो निवृत्तीच्या दिवशी शाळेत जमा करून येता येत नाही. पण निवृत्तीनंतर बाईंना नाद लागला तो पक्षी बघण्याचा. त्यातही झाडावरचे, माणसाला सरावलेले पक्षी नव्हेत. पाऊस सरत आला की उत्तरेकडून येणारे, काठाच्या चिखलात चोची खुपसत फिरणारे, आणि कुणी शिंकलं तरी उठून जाणारे.

हडपसरला आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या. आता त्या आणि त्यांचे यजमान कोल्हापूरला मुलीकडे असतात. मी तिथे राहायला आलो त्या आठवड्यातच बाईंनी मला पार्किंगमध्ये गाठलं. साडी, पायात खेळाचे पांढरे बूट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी शिट्टी.

"तुम्ही देसाई ना?"

"हो."

"ही गाडी तुमची?"

"हो."

"सकाळी लवकर उठता?"

"हो," मी म्हणालो, कारण तोवर हो म्हणायची सवय लागली होती.

"मग रविवारी उजाडताना गेटपाशी या. टिलवे आलेत."

टिलवे हे त्यांचे कोणी पाहुणे असावेत आणि त्यांना स्टेशनवरून आणायचं असावं, असा मी समज करून घेतला. शनिवारी गाडी धुतली. डिकीतली जुनी छत्री, मुलाची बॅट, सगळं सामान काढून वर ठेवलं. रविवारी बाई आणि त्यांचे यजमान गाडीत बसल्यावर मी विचारलं, "येताना टिलवे धरून सगळे मावतील ना? किती जण आहेत?"

मागच्या सीटवर पायगुडेसर होते. ते शांतपणे म्हणाले, "मांडीवर घेऊ."

टिलवा म्हणजे चिमणीएवढा, करड्या रंगाचा, सतत भूक लागल्यासारखा चिखल टोचत पळणारा पक्षी, हे मला लोणीच्या अलीकडे नदीकाठी पोहोचल्यावर कळलं. मधला सगळा रस्ता मी त्यांच्या पाहुण्यांची विचारपूस करत होतो. बाई मोठ्या आस्थेने उत्तरं देत होत्या. कुठून येतायत, तर सायबेरियातून. वाटेत त्रास झाला का, तर हिमालय लागतो. मला वाटलं, ट्रेकिंगवाली मंडळी दिसतात.

जागा म्हणाल तर अशी, की तिथे स्वतःहून कोणी जाऊ नये. नदीला लागून एक खोलगट शेत होतं. पावसाळ्यात त्यात पाणी भरे, आणि गणपती उठले की ते ओसरत ओसरत मैदानभर काळा, लकाकणारा चिखल उघडा पडे. शेजारी नदी. पुण्याची सगळी घाण पोटात घेऊन आलेली, वर साबणाचा फेस. वास असा, की पहिल्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. आणि या चिखलावर, हजारो मैलांवरून आलेले ते पक्षी आनंदाने जेवत होते.

"जगात इतक्या जागा सोडून हे इथे उतरतात," मी नाकाला रुमाल लावून म्हणालो.

"पुण्याचं पाणी मानवतं त्यांना," बाई म्हणाल्या, आणि समोरचे सगळे पक्षी उडाले.

हे दर वेळी होई. बाई बोलल्या की थवा उठे, एक मोठं वळण घेऊन पलीकडच्या टोकाला उतरे, आणि बाई दुर्बीण तिकडे वळवून म्हणत, "बघितलंत? कशी गिरकी घेतली." आपल्यामुळे घेतली असं त्यांच्या मनातही येत नसे. काठावर एक टिटवीचं जोडपं होतं. टिटवी म्हणजे त्या भागातली सगळ्यांत जास्त आरडाओरडा करणारी बाई. ती ओरडली की बाकीचे पक्षी दचकायचे, पण पायगुडेबाई बोलल्या की टिटवी दचकायची.

पुस्तकातली पिसांची वर्णनं त्यांना मान्य नव्हती. "रंग काय बघायचा? चाल बघा," असं त्यांचं म्हणणं. त्या पक्ष्यांकडे शाळेतल्या मुलींकडे बघावं तशा बघत. तुतवार नावाचा पक्षी उभा असला तरी शेपूट खालीवर हलवत राहतो. त्याला त्या "एक मिनिट स्वस्थ नाही" म्हणत. चिखल्या तुरुतुरु धावतो आणि एकदम थांबतो. "सुरुवात चांगली, पण शर्यत पुरी करत नाही." पाणलावा गवताच्या आड दबून बसतो, तो त्यांच्या लेखी कवायतीला दांडी मारणारा. लांब पायांच्या शेकाट्यांना त्या मागच्या रांगेत उभं करायच्या. थवे नेमके पितृपक्षात येत, तेव्हा बाईंची धांदल उडे. सोसायटीतल्या बायका कुणाच्या तरी पानाचं बोलवायला आल्या की बाई म्हणत, "मला वेळ नाही, पक्ष्यांचे दिवस आहेत." बायका म्हणत, "अहो, आमच्याकडेही पक्षच आहे."

पायगुडेसर, बाईंचे यजमान एवढ्यानेच सर झालेले, मात्र या सगळ्याच्या पलीकडे होते. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे मोठ्या आवाजाचं त्यांना काही वाटत नसे. ते सोबत घडीची खुर्ची आणत, ती नदीकडे पाठ करून मांडत आणि पेपर उघडत. बायकोला ते 'बाई'च म्हणत. आणि गंमत अशी, की ते हलत नसत, बोलत नसत, म्हणून पक्षी त्यांच्याजवळ जात. एकदा एक तुतवार त्यांच्या खुर्चीच्या पायाशी येऊन किडे वेचत होता. बाईंनी लांबून हाताने खुणा केल्या, आणि शेवटी न राहवून म्हणाल्या, "अहो, पायाशी बघा."

तुतवार गेला. सरांनी पायाशी बघितलं.

"काय आहे?"

"होता."

"मग आता काय बघू?" असं म्हणून ते पुन्हा अग्रलेखात शिरले.

बाईंचे अंदाज चुकत नसत असं नाही. पुष्कळ चुकत. एकदा शहरातून पक्षीमित्रांचा एक जथा आला होता. सगळे हिरव्या कपड्यांतले, तोफेएवढ्या लेन्स घेतलेले. बाईंनी त्यांना गवताच्या कडेला दबून बसलेला पाणलावा दाखवला. तपकिरी अंग, त्यावर पट्टे, टोकाला चोच. सगळे चिखलात पालथे पडले. बराच वेळ कॅमेरे चालू होते. एक जण म्हणाला, "काय संयम आहे, पापणीसुद्धा हलत नाही." शेवटी एक कुत्रं आलं, त्याने तो पाणलावा तोंडात धरला आणि निघून गेलं. ती कोल्हापुरी चप्पल होती.

जथा बाईंकडे बघत राहिला. बाई जराही खजील झाल्या नाहीत. "पाणलावा असाच बसतो," त्या म्हणाल्या. "आता बसण्याची पद्धत तरी लक्षात राहील." मग त्या दुसरी चप्पल शोधायला गवतात गेल्या, कारण जोडी असणारच, असं त्यांचं मत. चप्पल सापडली. त्यांनी ती उचलायला हात घातला आणि ती फडफडत, वेडीवाकडी वळणं घेत उडून गेली. जथ्यातल्या एकाच्याही लेन्सवरचं झाकण उघडं नव्हतं.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका सप्टेंबरात आम्ही पोहोचलो, तर चिखलाच्या कडेला सिमेंटच्या तुकड्यांचा, फुटक्या फरशांचा ढीग पडलेला. दुसरा डंपर रिकामा व्हायच्या तयारीत होता. शेजारी पांढऱ्या कपड्यांतला एक भला मोठा माणूस हातवारे करत उभा होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते शेत त्यांचं, आणि पलीकडच्या रस्त्यावरचं लग्नाचं लॉनही त्यांचंच.

बाईंनी शिट्टी वाजवली. डंपरवाल्याने ब्रेक मारला. शिट्टी वाजली की थांबायचं, हे त्याच्याही अंगात भिनलेलं असणार.

"हा राडारोडा इथे कशाला?" बाईंनी विचारलं.

"पार्किंग करायचंय," अण्णा सौजन्याने म्हणाले. "लग्नाला मान्सं येत्यात, गाड्या कुठं लावायच्या? मागल्या साली नवरदेवाची गाडी हितं रुतली. वरात अर्ध्यातनं चालत आली."

"पहिलं लग्न कधी?"

"तुळशीचं लगीन झाल्याबिगर मुहूर्त न्हाई."

"आणि हे पाणी आटतं कधी?"

"दिवाळीपतूर आटतं."

"मग भांडण कशाचं?" बाई म्हणाल्या. "पाणी आहे तोवर पक्षी येतात. पाणी आटलं की वऱ्हाडी. जागा एक, पाळ्या दोन. आमची शाळा अशीच चालायची, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. सकाळच्या मुलींना हाकलून कुणी दुपारच्यांसाठी फरशी घातली नाही."

अण्णा विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. पण नवरदेवाची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. "वरनं वाळल्यावानी दिसतंय, बाई. खाली वलं असतं."

"तुळशीच्या लग्नादिवशी सकाळी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दाखवते. रुतली नाही, तर भराव टाकायचा नाही."

"आन रुतली तर?"

"तर मी स्वतः शिट्टी वाजवून तुमचे डंपर आत घेते."

अण्णा हसले. "गाडी कुणाची?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "देसाईंची."

मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. नवरात्रात पडला, दसऱ्याला पडला, कोजागरीला आमचं दूध पातळ झालं. शेतात पुन्हा पुन्हा पाणी साचे आणि दर रविवारी तिथे नवे पाहुणे उतरलेले असत. एका सकाळी पाणटिवळ्यांचा मोठा थवा आला. लांब सरळ चोचीचे, उंच पायांचे, सगळे मिळून शिवणयंत्रासारखे चिखलात टाके घालणारे. बाई आनंदाने लाल झाल्या. लगेच त्यांचा चेहरा उतरला. पक्ष्यांना जे हवं होतं, त्यानेच पैज बुडत होती. "यांना सांगायचं तरी कसं," त्या म्हणाल्या, "की जेवणं आवरती घ्या."

मधल्या वारीही त्या बसने जाऊन चिखल तपासून येत. तपासायची पद्धत म्हणजे कडेला उभं राहून उड्या मारणं. सर छत्रीचं टोक खुपसून बघत आणि म्हणत, "बाई, तुमच्या उड्यांनीच भुसभुशीत होतंय." मी घरी बसून गाडीच्या विम्याचे कागद वाचत होतो. चिखलाबद्दल त्यात काहीच नव्हतं.

दिवाळीत एकदाचं ऊन पडलं. पक्षी बरेचसे पुढे गेले, काही नदीवर सरकले. शेतावर एक करडा पापुद्रा धरला.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी निम्मं गाव जमलं. अण्णांनी चहा ठेवला होता, शिवाय दोरखंड लावलेला ट्रॅक्टरही. ट्रॅक्टर चालू करूनच ठेवला होता, ते मला आवडलं नाही. बाई गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि शिट्टी वाजवत उलट्या पावलांनी पळू लागल्या. मी पहिल्या गिअरमध्ये मागोमाग. सुरुवातीला जमीन घट्ट होती. मध्यावर आलो आणि ती खरवसासारखी हलायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "गेली." माझा पाय ब्रेककडे वळला.

"थांबू नका, देसाई," बाई ओरडल्या. "थांबलात की संपलं."

त्या वेळी तो आवाज किती उपयोगाचा आहे ते मला पटलं. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. चाकं दोनदा जागच्या जागी फिरली, गाडी तिरकी झाली, सरळ झाली आणि पलीकडच्या बांधाला जाऊन टेकली. बाईंनी दोन्ही हात वर केले. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आतच बसून राहिलो.

अण्णा मात्र मान हलवत होते. "ही काय गाडी हाय? डबी हाय ही. मान्सं काय डबीतनं येत्यात का?" आणि कुणी थांबवायच्या आत ते आपल्या जीपवजा मोठ्या गाडीत बसून आत शिरले. मध्यावर आले. गाडीने एक खोल सुस्कारा टाकला आणि दारापर्यंत खाली बसली.

पुढचा सगळा वेळ बाईंनी ट्रॅक्टरला शिट्टीवर डावं-उजवं केलं. अण्णांना खिडकीतून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे पांढरे कपडे कमरेपर्यंतच पांढरे होते.

"पैज देसाईंच्या गाडीची होती," बाई म्हणाल्या.

"खरंय," अण्णा म्हणाले. "पर लग्नाला सगळी माझ्यावानीच येत्यात, बाई."

हेही खरं होतं. शेवटी तडजोड झाली. फाटकापासून मधल्या बाभळीपर्यंत मुरूम पडायचा, जड गाड्या तिथे लागायच्या. बाभळीच्या पुढचं शेत जसं आहे तसं राहायचं. अण्णांनी शब्द पाळला. बाईंनी तिथे पाटी लावून घेतली : 'येथून पुढे पाहुणे उतरतात. गाड्या आणू नयेत.' त्यामुळे वऱ्हाडी नेमके तिथेच गाडीतून उतरू लागले.

तडजोड झाली त्या दिवशी परतताना बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "निम्मी शाळा गेली," त्या म्हणाल्या.

"निम्मी राहिली," मागून सर म्हणाले.

त्यानंतरच्या वर्षी उन्हाळ्यापासून बाईंचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, आता त्या चारचौघांइतक्या आवाजात बोलतायत, बरंच झालं. पण तो उतरतच गेला. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. ते दिवस वाईट गेले. सर पार्किंगमध्ये भेटले की पेपरची घडी उलगडत आणि पुन्हा घालत. गाठ साधी निघाली, काढून टाकली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही.

"तेवढे आठवडे कुठले, तर सप्टेंबर," सर मला म्हणाले. "डॉक्टरला पक्ष्यांनी गाठलेलं दिसतंय."

रविवारी उजाडताना बाई गेटपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गाडीकडे बोट केलं.

बाभळीच्या पुढे चिखल चकाकत होता. बाई काठावर दगडावर बसल्या. शेजारी सरांनी खुर्ची मांडली, नेहमीसारखी नदीकडे पाठ करून. कुणीच बोलत नव्हतं. थोड्या वेळाने टिलव्यांचा एक घोळका टोचत टोचत आमच्याकडे सरकला. मग आणखी जवळ. इतकी वर्षं जे आम्ही दुर्बिणीतून पळताना बघितलं होतं, ते आता नुसत्या डोळ्यांना पिसापिसाने दिसत होतं. त्यांच्या पायांचा चिखलातला बारीक पचपच आवाजही येत होता. बाईंनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी सरांची बाही ओढली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा खुर्चीसकट त्यांना वळवलं.

सरांनी पेपर खाली केला. बराच वेळ बघत राहिले.

"हे एवढंसं?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे सायबेरियातून येतं?"

बाईंनी मान हलवली.

"मला वाटायचं, बदकाएवढे तरी असतील."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण सर आता खुर्चीच्या टोकावर आले होते. त्यांनी पेपर घडी करून बुडाखाली घातला. "आणि तो कोण? गळ्यात काळा पट्टा आहे तो. धावतोय बघा. थांबला. पुन्हा धावला."

पुढच्या सप्टेंबराच्या आधीच ती दोघं कोल्हापूरला गेली. त्यामुळे त्या चिखलावर मी त्यांना शेवटचं बघितलं ते असं. बाईंनी सरांचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या तळव्यावर बोटाने लिहू लागल्या.

"चि," सरांनी वाचलं. "चिमणी?"

बाईंनी तळवा पदराने खसाखसा पुसला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

"चि. ख. चिखल," सर म्हणाले. "चिखल मलाही दिसतोय, बाई."

बाईंनी त्यांच्या हातावर एक चापट मारली. एकही पक्षी उडाला नाही. मग त्या पुन्हा वाकल्या आणि सावकाश, एकेक रेघ ओढत, पुढचं लिहू लागल्या.